वेग की फील? प्रश्नच चुकला आहे

२००३ साली ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने शंभर थोर गिटारिस्टांची यादी छापली, तेव्हा रॉक गिटारिस्ट एडी व्हॅन हेलनचा क्रमांक होता सत्तरावा. २०११ च्या यादीत तो आठवा झाला, आणि २०२३ च्या अडीचशे जणांच्या यादीत चौथा. चर्चची गाणी गाणारी गिटारिस्ट सिस्टर रोझेटा थार्प हिचं नाव २००३ मध्ये नव्हतंच. वीस वर्षांनी ती थेट सहावी. थार्प १९७३ मध्येच वारली होती. व्हॅन हेलनचं नाव ज्या वाजवण्यामुळे झालं, ते १९७८ सालचं. म्हणजे या वीस वर्षांत दोघांच्याही रेकॉर्डवरचा एक सूरसुद्धा बदलला नव्हता, बदलली ती मोजायची पट्टी. तरीही अशी यादी आली की भांडण रंगतं ते क्रमांकांवरून. अमका तमक्याच्या वर कसा, हे सगळे विचारतात. पण कशाच्या जोरावर वर, हे कोण विचारतं?

या भांडणात ठरलेले दोन पक्ष असतात. एक म्हणतो, जो सगळ्यात अवघड वाजवतो तो मोठा: सेकंदाला किती स्वर, किती स्वच्छ, किती लांब उड्या. दुसरा म्हणतो, वेग ही कसरत आहे. एका स्वरात काळजाला हात घालतो तो खरा, त्यालाच ते ‘फील’ म्हणतात, बाकी सगळे बोटं चालवणारे. दोन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडतात, पण दोघांची नजर एकाच जागी खिळलेली असते: वादकाच्या हातावर. वाद्याचं पुढे काय झालं आणि मागून आलेल्यांना काय मिळालं, याकडे कुणी पाहत नाही. माझं म्हणणं असं आहे की रॉकमध्ये मोठा गिटारिस्ट तो, ज्याच्यानंतर गिटार हे वाद्य पहिल्यासारखं राहिलं नाही, आणि त्याने घडवलेला बदल इतरांना उचलून स्वतःच्या, त्याच्याहून वेगळ्या कामाला लावता आला. या वाक्याचा दुसरा अर्धा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. लोक तोच विसरतात.

आधी वेगवाल्यांची बाजू घेऊ, कारण ती वाटते तितकी उथळ नाही. मिनिटाला २०० ठोक्यांच्या लयीत एका ठोक्यात चार स्वर वाजवायचे, तर सेकंदाला तेरा स्वर होतात. यासाठी पिकचा, म्हणजे तार छेडायच्या छोट्या पट्टीचा, प्रवास तारेच्या अलीकडे-पलीकडे दोन-तीन मिलिमीटरच्या आत ठेवावा लागतो. डाव्या हाताचं बोट पडणं आणि पिकचा आघात एकाच क्षणी व्हावा लागतो. बोट किंचित उशिरा पोचलं तर स्वराऐवजी नुसती टक् ऐकू येते. न वाजणाऱ्या तारा गप्प ठेवायच्या असतात: जाड तारा उजव्या तळव्याच्या कडेने, बारीक तारा डाव्या तर्जनीच्या खालच्या अंगाने. हे नीट साधलं आहे का, हे पाहायचं तर ॲम्प्लिफायरवरचा गेन, म्हणजे आवाज फाटेपर्यंत वाढवणारी चावी, पूर्ण कमी करून ऐकावं. भरपूर डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे फाटलेल्या आवाजात, आघात सपाट होतात आणि निम्म्या चुका झाकल्या जातात. स्वच्छ आवाजात त्या उघड्या पडतात. ही मेहनत वर्षांची आहे, आणि तिला ‘नुसती कसरत’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ती केलेली नसते. इतकं मान्य.

पण वेग ही मोजपट्टी धरली की एक अडचण उभी राहते. वेग ओलांडता येतो. प्रत्येक पिढीत आधीच्यापेक्षा जलद वाजवणारा कुणीतरी येतोच. मग थोरवी धावण्याच्या शर्यतीतल्या विक्रमासारखी ठरेल, पुढचा येईपर्यंतच टिकणारी. निकोलो पागानिनीचे व्हायोलिनसाठीचे चोवीस काप्रिस १८२० मध्ये छापले गेले, तेव्हा ते वाजवणं अशक्यप्राय मानलं जायचं. आज व्हायोलिनचे गंभीर विद्यार्थी ते अभ्यासक्रमात वाजवतात. म्हणून पागानिनी लहान झाला का? नाही, कारण १८३२ मध्ये पॅरिसला त्याला ऐकून फ्रान्झ लिस्ट हलून गेला आणि तशी झेप पियानोवर कशी घेता येईल, याच्या मागे लागला. व्हायोलिनवरची गोष्ट दुसऱ्या वाद्यावर, दुसऱ्या माणसाच्या हाताखाली, दुसरंच रूप घेऊन उभी राहिली.

व्हॅन हेलनकडे याच नजरेने पाहावं. १९७८ च्या पहिल्या अल्बमवरचा त्याचा एकट्याचा तुकडा एक मिनिट बेचाळीस सेकंदांचा आहे, आणि त्याच्या शेवटाकडचं टॅपिंग ऐकून जगभरच्या मुलांनी गिटार हातात घेतली. टॅपिंग त्याने शोधून काढलेलं नव्हतं. जेनेसिस या बँडचा स्टीव्ह हॅकेट १९७१ मध्ये ते वाजवत होता आणि त्याच्याही आधी काही वादकांनी तो प्रयोग केला होता. मग श्रेय व्हॅन हेलनला का? कारण त्याने त्याचं वाक्य केलं. उजव्या हाताचं एक बोट वरच्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीजवळ) आपटायचं, ते सोडताना तार किंचित खेचायची म्हणजे डाव्या तर्जनीखालचा स्वर वाजतो, मग डाव्या हाताचं दुसरं बोट आपटायचं: तीन स्वरांचं एक चक्र. उजवं बोट जागेवर ठेवून डावी बोटं सरकवली की कॉर्ड, म्हणजे स्वरांचे गट, बदलतात. हे एकदा कळलं की कुणीही स्वतःचं चक्र रचू शकतो. नुसती करामत आणि व्याकरण यात हाच फरक आहे. करामत पाहून टाळी वाजते. व्याकरण मिळालं की दुसऱ्याला बोलता येतं.

शिवाय त्याने वाद्यच बदललं. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या आकाराचं सुमारे ५० डॉलरचं बॉडी, ८० डॉलरची नेक, आणि त्यात गिब्सन कंपनीच्या गिटारमधून काढलेला हंबकर, म्हणजे तारेचं कंपन विजेत बदलणारा दोन वेटोळ्यांचा पिकअप. मोठ्या आवाजात पिकअपच्या तारेची वेटोळी थरथरून शिट्टी मारतात, म्हणून त्याने तो वितळलेल्या मेणात बुडवून घेतला. फेंडरची ट्रेमोलो (दांडा दाबून स्वर हलवायची सोय) आणि गिब्सनचा जाड आवाज एकाच गिटारमध्ये आला, आणि पुढच्या दहा वर्षांत अनेक कंपन्या त्याच साच्याच्या गिटार बनवू लागल्या. मेणात बुडवताना मेण फार तापलं तर पिकअपचं प्लॅस्टिक वाकतं, त्यालाही हे चुकतमाकतच साधलं. सत्तराव्या क्रमांकाची यादी बनवणाऱ्यांनी त्याचे सोलो ऐकले असतील. त्याच्यानंतरच्या गिटारी त्यांनी पाहिल्या नव्हत्या, असंच म्हणावं लागतं.

आता ‘फील’वाल्यांकडे वळू. त्यांची भावना मला जवळची आहे, युक्तिवाद मात्र अजिबात नाही. ‘फील’ म्हणजे काय असं विचारलं की उत्तर येतं, ते सांगता येत नाही, ते आतून यावं लागतं. हे खरं नाही. ते बऱ्यापैकी सांगता येतं, आणि सांगितलं नाही तर नव्या वादकाचं नुकसानच होतं. बेंड घ्या, म्हणजे सतारीवरच्या मिंडीसारखी तार आडवी ओढून स्वर चढवणं. एक पूर्ण स्वर चढवायचा तर तारेवरचा ताण सुमारे पाव पटीने वाढवावा लागतो. नवखा माणूस एकट्या बोटाच्या जोरावर ढकलतो, जोर कमी पडतो, स्वर थोडा खालीच राहतो, आणि ऐकणाऱ्याला नेमकं काय बिघडलं ते न कळताही ‘यात दम नाही’ असं वाटतं. उपाय साधा आहे. अनामिकेने तार धरायची, मागे मधलं बोट आणि तर्जनी टेकू म्हणून लावायची, अंगठा नेकवरून पुढे आणायचा, आणि बोटं न मोडता मनगट किल्ली फिरवल्यासारखं वळवायचं. आधी दोन फ्रेट पुढचा स्वर वाजवून कानात ठेवायचा आणि मग बेंड तिथे नेऊन लावायचा. शंभरदा केलं की कान लगेच चूक पकडू लागतो.

व्हायब्रेटोचं, म्हणजे स्वर थरथरवण्याचंही, तसंच. साध्या स्वरावर तार ढकलून सोडली की सूर मूळ स्वराच्या वर जाऊन परत येतो. बेंड केलेल्या स्वरावर उलटं असतं: सूर खाली उतरतो आणि प्रत्येक वेळी त्याच उंचीला परत पोचावा लागतो. ही परतीची जागा दर खेपेला हलली की आवाज रडका होतो. किती रुंद आणि किती जलद, हे दोन आकडे प्रत्येक मोठ्या वादकाचे वेगळे असतात, आणि त्यावरून तो डोळे मिटून ओळखता येतो. बी. बी. किंगचा व्हायब्रेटो लहान आणि जलद. त्यासाठी तो अंगठा नेकवरून जवळजवळ सोडून तर्जनीभोवती अख्खा हात फडफडवायचा. त्याचा नातेवाईक बुका व्हाइट स्लाइड, म्हणजे तारेवर नळी सरकवून, वाजवायचा. किंगला ते जमत नव्हतं, म्हणून तो तसा थरथरता आवाज बोटानेच काढायला गेला. अल्बर्ट किंग डावखुरा. उजव्या हाताची गिटार तारा न बदलता उलटी धरायचा, त्यामुळे बारीक तारा वरच्या बाजूला यायच्या आणि तो त्या खाली ओढायचा. पूर्ण हाताच्या वजनाने खाली ओढलेली तार वर ढकललेल्या तारेपेक्षा सहज लांब जाते. त्याच्या बेंडमधली ती प्रचंड ताकद इथून आली. एरिक क्लॅप्टन, जिमी हेंड्रिक्स, स्टीव्ही रे वॉन, तिघांनीही ती उचलली, आणि तिघांच्या हातात ती तीन वेगळ्या गोष्टी झाली.

म्हणजे ‘फील’ हीसुद्धा तंत्राचीच बाब आहे. फक्त ते तंत्र वेगाचं नाही, सुरातल्या अचूकतेचं आणि वेळेच्या जाणिवेचं आहे. एकदा हे मान्य केलं की ‘तंत्र विरुद्ध भावना’ हा वादच विरून जातो. तरीही एक गंभीर आक्षेप उरतो, आणि तो मी टाळणार नाही. एखादा सोलो ऐकताना अंगावर काटा येतो. त्या क्षणी त्या वादकाचे वारसदार कोण, हा प्रश्न कुणाच्या मनात तरी येतो का? त्या अनुभवाला थोरवी म्हणायचं नाही? म्हणायचं, जरूर म्हणायचं. पण ती थोरवी त्या तुकड्याची आहे. एका सुंदर कवितेवरून आपण ती कविता मोठी म्हणतो. कवीला भाषेतला मोठा कवी म्हणायचं तर त्याने भाषेला काय दिलं, हे पाहावं लागतं. वादकाबाबत हाच हिशेब का नको?

यात एक बाजू कायम दुर्लक्षित राहते, ती म्हणजे आवाज. रॉक गिटारिस्ट फक्त तारा वाजवत नाही. तारा, पिकअप, ॲम्प आणि स्पीकर मिळून त्याचं वाद्य होतं. ॲम्पच्या क्षमतेपेक्षा जास्त जोराचा सिग्नल आत गेला की लहरीची टोकं छाटली जातात. त्यातून दोन गोष्टी होतात: मूळ स्वरात नसलेले वरचे स्वरांश तयार होतात, आणि आवाज विझायला वेळ लागतो, म्हणून स्वर लांब टिकतो. पण दोन स्वर एकत्र छाटले गेले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे स्वरही उमटतात. जाड ‘ई’ तार सुमारे ८२ हर्ट्झ आणि तिच्यावरचा पंचम ‘बी’ सुमारे १२३ हर्ट्झ. वजाबाकी ४१, म्हणजे त्याच ‘ई’चा खालच्या सप्तकातला स्वर, बास गिटारच्या सर्वात खालच्या तारेचा. कॉर्ड न वाजवताच खाली भिंत उभी राहते. याउलट शुद्ध गंधार मिसळला की घोळ होतो. गिटारच्या फ्रेटवरचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा १४ सेंट (अर्ध्या स्वराच्या शंभर भागांपैकी चौदा) चढा असतो, पंचमातला फरक जेमतेम २ सेंटचा. स्वच्छ आवाजात कान ते १४ सेंट माफ करतो. डिस्टॉर्शनमध्ये तीच चूक दहापट होऊन गुरगुरते. म्हणून रॉकने गंधार काढून टाकला, फक्त षड्ज-पंचम ठेवला, आणि त्याला पॉवर कॉर्ड म्हटलं. रॉकचं अर्धं व्याकरण या एका भौतिक कारणातून जन्माला आलं आहे, आणि जे वादक थोर ठरले त्यांना हे गणित न मांडताही कानाने कळलं होतं.

टोनी आयोमीची गोष्ट इथे महत्त्वाची. बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यात सतराव्या वर्षी यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे फ्रेटवरचाच हात. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून टोप्या बनवल्या, वर चामडं चिकटवलं. टोप्यांतून तारेचा स्पर्श कळत नाही आणि जाड तार दाबवत नाही, म्हणून त्याने बॅन्जोच्या बारीक तारा लावल्या. त्याच्या ब्लॅक सबाथ या बँडच्या १९७१ च्या तिसऱ्या अल्बमवर काही गाण्यांसाठी गिटार दीड स्वर खाली उतरवली. दीड स्वर खाली म्हणजे तारेवरचा ताण सुमारे तीस टक्क्यांनी कमी. हाताला आराम मिळाला आणि आवाज जड, काळोखा झाला. त्यासोबत त्याच्या रिफमध्ये, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांत, अवघड उड्या नाहीत, दोन-तीन बोटांत बसणारे आकार आहेत. हे सगळं नाइलाजातून आलं, हे खरं. पण हेवी मेटल नावाचा अख्खा प्रकार त्या नाइलाजावर उभा आहे. आजही ट्यूनिंग खाली उतरवणारा वादक आयोमीने उघडलेल्या दारातूनच आत येतो, मग त्याने आयोमीचं नाव ऐकलेलं असो वा नसो. इथे वेगाने काय मोजणार? आणि ‘फील’ने तरी काय सांगणार?

उजव्या हाताबद्दल, म्हणजे ठेक्याबद्दल, तर या वादात कुणी बोलतच नाही. चार मिनिटांच्या गाण्यात सोलो वीस-तीस सेकंद असतो. उरलेल्या साडेतीन मिनिटांत गिटार काय करत असते? चक बेरीने पियानोवादक जॉनी जॉन्सनच्या डाव्या हाताची बूगी दोन तारांवर आणली: षड्ज-पंचम, षड्ज-धैवत, पुन्हा षड्ज-पंचम, त्यासाठी करंगळी किंवा अनामिका दोन फ्रेट पुढे ताणायची आणि मागे घ्यायची. बस, एवढंच. त्याच्या सर्वात गाजलेल्या १९५८ च्या गाण्याची सुरुवात १९४६ च्या लुई जॉर्डनच्या रेकॉर्डवर कार्ल होगनने वाजवलेल्या तुकड्यातून आलेली आहे. हे उसनं घेणं कमीपणाचं नाही. होगनकडे ती एका गाण्याची सुरुवात होती, बेरीने तिची बोली केली. रोलिंग स्टोन्स बँडच्या कीथ रिचर्ड्सने पुढे सहावी तार काढूनच टाकली आणि उरलेल्या पाच तारा जी-डी-जी-बी-डी अशा लावल्या. तर्जनी आडवी टाकली की पूर्ण मेजर कॉर्ड मिळतो. मधलं बोट बी तारेवर एक फ्रेट पुढे आणि अनामिका डी तारेवर दोन फ्रेट पुढे टेकवली की त्याच जागी चौथ्या स्वरावरचा कॉर्ड उघडतो, बोटं उचलली की मिटतो. त्याच्या निम्म्या रिफ म्हणजे हे उघडणं आणि मिटणं. ही लावणी त्याच्या आधी बॅन्जो आणि स्लाइड वाजवणाऱ्यांकडे होती. त्याने ती बँडच्या ठेक्यात बसवली.

रमोन्स या पंक बँडचा जॉनी रमोन तर जवळजवळ सोलो वाजवतच नसे. रमोन्सच्या १९७६ च्या पहिल्या अल्बमवर चौदा गाणी आहेत आणि एकूण वेळ सुमारे २९ मिनिटं. त्याचा नियम असा: प्रत्येक आघात खालच्या दिशेने. १८० च्या लयीत ठोक्याला दोन म्हणजे सेकंदाला सहा, सलग, तासभराच्या कार्यक्रमात. वर-खाली वाजवलं तर हात निम्मा दमतो, पण वरचा आघात हलका पडतो आणि ठेका डुलायला लागतो. सगळे आघात खालचे असले की प्रत्येकाचं वजन सारखं, आणि गाणं खिळे ठोकल्यासारखं चालतं. हे करून पाहावं: बहुतेकांचा खांदा दुसऱ्या मिनिटाला आखडतो, कारण ते कोपरातून मारतात. मनगट सैल ठेवून मारायचं असतं. रमोनमुळे हजारो जणांना कळलं की बँड काढायला दहा वर्षं स्केल घोटत बसण्याची गरज नाही. तंत्राचा आग्रह धरणाऱ्यांना हेच खुपतं. मला वाटतं, एवढ्या लोकांच्या हातात वाद्य देणं हे कोणत्याही सोलोपेक्षा मोठं काम आहे.

यावर एक चांगला प्रतिवाद आहे. प्रभाव हा अपघातही असू शकतो. लिंक रे याने १९५८ च्या रेकॉर्डसाठी ॲम्पच्या स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली. डेव्ह डेव्हिसने १९६४ मध्ये लहानशा ॲम्पचा स्पीकर ब्लेडने चिरला आणि त्याचा फाटका आवाज मोठ्या ॲम्पमधून काढला. १९६१ च्या एका रेकॉर्डसाठी नॅशव्हिलच्या स्टुडिओत वाजवताना मिक्सरचा एक चॅनल बिघडला आणि ग्रॅडी मार्टिनच्या वाद्याचा आवाज चिरकला. त्या बिघाडावरून १९६२ मध्ये फझचं, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणारं, पेडल निघालं, पण १९६५ मध्ये रिचर्ड्सने त्यावर एक रिफ वाजवेपर्यंत ते फारसं खपलं नाही, आणि तीही त्याने पुढे ब्रास वाद्यांनी वाजवायची म्हणून नुसती आखून ठेवली होती. मग काय, जो पहिल्यांदा ब्लेड चालवेल तो थोर?

पहिला असणं हे थोर असणं नव्हे, हे कबूल. पण याच उदाहरणांत उत्तर आहे. फीडबॅक घ्या. गिटारचा आवाज ॲम्पमधून बाहेर पडून पुन्हा तारेला हलवतो आणि चक्र सुरू होतं. १९६४ मध्ये एका बीटल्स गाण्याच्या सुरुवातीला तो एका स्वरापुरता ऐकू येतो, पीट टाउनशेंड आणि जेफ बेकही तो वापरत होते. हेंड्रिक्सने तो वाजवायला घेतला. ॲम्पपासूनचं अंतर आणि गिटारचा कोन बदलला की कोणता स्वरांश पेटणार, हे बदलतं. ट्रेमोलोचा दांडा दाबून तो स्वर खाली नेता येतो, वॉल्यूमची चावी कमी करून क्षणात विझवता येतो. १८ ऑगस्ट १९६९ च्या सकाळी वुडस्टॉकला त्याने अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं, तेव्हा या सगळ्यातून बॉम्ब आणि किंकाळ्या उभ्या केल्या, आणि त्या दोन ओळींच्या मधे, चालीला धक्का न लावता. इतरांना झालेला अपघात त्याच्या हाती वाद्य झाला. आणि हाच माणूस अंगठ्याने जाड तार दाबून उरलेल्या बोटांनी कॉर्डभोवती सोल गायक-गिटारिस्ट कर्टिस मेफिल्डच्या धाटणीची नाजूक नक्षी काढायचा, हे गोंगाटाच्या आठवणीत हरवतं. सप्टेंबर १९६६ ला तो लंडनला उतरला, सप्टेंबर १९७० ला गेला. चार वर्षं.

दुसरा प्रतिवाद मला अधिक टोचतो. प्रभाव न्याय्यपणे वाटला जात नाही. कुणाची रेकॉर्ड कुठे पोचली, कुणाच्या कातडीचा रंग काय, पुरुष की बाई, यावर तो ठरतो. ब्लूज गायक-गिटारिस्ट रॉबर्ट जॉन्सनने १९३६-३७ मध्ये २९ गाणी रेकॉर्ड केली, १९३८ मध्ये तो गेला, आणि १९६१ मध्ये त्याची लाँगप्ले निघेपर्यंत ब्रिटनमधल्या मुलांना तो जवळजवळ माहीतच नव्हता. थार्प १९३८ पासून रेकॉर्ड करत होती. चर्चचं गाणं, इलेक्ट्रिक गिटार आणि उसळता ठेका तिने एकत्र आणले तेव्हा रॉक अँड रोल हे नाव रुळायचं होतं. १९४७ मध्ये तिने एका चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला आपल्या कार्यक्रमात गायला मंचावर घेतलं, तो पुढे लिटल रिचर्ड झाला. १९६४ मध्ये मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनच्या फलाटावर तिने गायलेला, टीव्हीसाठी चित्रित झालेला कार्यक्रम आजही पाहता येतो. तरी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तिला जागा मिळायला २०१८ उजाडलं. मग प्रभावाची पट्टी म्हणजे अन्यायाचीच पट्टी नाही का?

ज्यांनी प्रभाव आणि प्रसिद्धी एकच मानली, त्यांच्या पट्टीवर हा आक्षेप पूर्ण लागू पडतो. पण प्रभाव वादकांच्या हातातून हातात जातो. तो शोधायचा तर विक्रीचे आकडे आणि चाहत्यांची मतं बाजूला ठेवून कुणी कुणाचं काय उचललं, हे ऐकावं लागतं. तसं ऐकलं की थार्प मागे राहतच नाही. २००३ ची यादी तिला गाळू शकली, कारण तिथे वंशवेल तपासलीच नव्हती. वेग आणि ‘फील’ या दोन्ही पट्ट्यांवर तिला न्याय मिळण्याची शक्यता आणखी कमी होती, कारण दोन्ही ‘मला काय आवडलं’ इथेच थांबतात. उलट वंशवेल धरून मागे चालत गेलं की झाकलेली नावं आपोआप समोर येतात. आपल्याकडे घराणं शिष्यांमधून ओळखलं जातं, मैफलींच्या गर्दीवरून नाही. इथे दुसरं काय वेगळं आहे?

आणि ज्याच्या मागे फार कुणी जाऊच शकलं नाही, त्याचं काय? ब्रिटिश गिटारिस्ट ॲलन होल्ड्सवर्थचं नाव इथे हमखास येतं. त्याला खरं तर सॅक्सोफोन वाजवायचा होता. डाव्या हाताच्या बोटांनीच स्वर उमटवत, पिकचा आघात जवळजवळ पुसून टाकत, त्याने गिटारला श्वासाचं वाद्य केलं. बोटांचा त्याचा ताण बहुतेकांना शक्यच नाही. मोठं श्रोतृवर्तुळ त्याला कधी लाभलं नाही. पण त्याच्यामुळे भारावलेल्यांत व्हॅन हेलन होता, इतका की त्याला मोठ्या कंपनीकडून रेकॉर्ड काढायची संधी मिळावी म्हणून त्याने स्वतः खटपट केली. १९८३ मध्ये ती रेकॉर्ड निघाली. दोनच जणांनी उचलावं, पण त्यातला एक असा निघावा, हाही प्रभावच. इथे मात्र मी एक गोष्ट मान्य करतो: असा दुवा सापडला नाही, तर माझी पट्टी त्या माणसाला लहान म्हणेल, आणि ते चूक असू शकेल. एकांतातल्या थोरवीला ही पट्टी अपुरी आहे. रॉक हे मात्र एकांतात घडलेलं संगीत नाही, म्हणून मी तीच हाती धरतो.

नुसती नक्कल ही मात्र प्रभावाची खूण नव्हे. १९८० च्या दशकात व्हॅन हेलनसारखं वाजवणारे शेकड्यांनी निघाले, आणि त्यातले बहुतेक आज आठवतही नाहीत. यू टू या बँडच्या द एज या गिटारिस्टकडे पाहा. मिनिटाच्या ठोक्यांचा लयीचा आकडा घेऊन साठ हजाराला त्याने भागायचं, आलेल्या उत्तराचा पाऊण करायचा: १२० च्या लयीला ३७५ मिलिसेकंद. डिले, म्हणजे प्रतिध्वनी देणारं पेडल, तेवढ्यावर लावलं की वाजवलेला स्वर आणि त्याचा प्रतिध्वनी यांची गुंफण होऊन दोन गिटारींचा भास होतो. ड्रमरची लय दोन-चार ठोक्यांनी सरकली तरी ती गुंफण चिखल होते, म्हणून सगळ्या बँडला घड्याळासारखं वाजवावं लागतं. कृती इतकी सोपी की दहा मिनिटांत शिकता येते. म्हणूनच तिची हुबेहूब नक्कल लगेच ओळखू येते आणि लगेच कंटाळवाणी होते. त्याचा खरा वारसा वेगळ्याच जागी सापडतो: ज्यांनी त्याचा आकडा टाकून दिला आणि फक्त एवढंच घेतलं की पेडल हे गाणं रचण्याचं साधन असू शकतं, त्यांच्याकडे.

म्हणून मला सगळ्यात बोलका वाटतो तो दुवा, जो कोणत्याच यादीत बसवता येत नाही. बोटं गेल्यावर आयोमीने गिटार सोडायचं ठरवलं होतं. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला एक रेकॉर्ड आणून ऐकवली आणि मग सांगितलं की हे वाजवणारा माणूस फ्रेटवर जवळजवळ दोनच बोटं वापरतो. तो होता जँगो राइनहार्ट, १९२८ मध्ये घरगाडीला लागलेल्या आगीत डाव्या हाताची दोन बोटं निकामी झालेला, १९५३ मध्ये वारलेला जॅझ वादक. आयोमी घरी गेला आणि प्लॅस्टिकची बाटली वितळवू लागला. त्यातून जे संगीत निघालं, त्यात जँगोचा एकही स्वर ऐकू येत नाही.